चित्रफितीवरून हस्तकौशल्य कसे शिकावे : आंब्याच्या कोय कलमाचे एक उदाहरण

शेतीच्या धंद्यास लागणारे ज्ञान दोन प्रकारचे असते. पहिले सांगून कळते. बोर्डो मिश्रणास मोरचूद किती, चुना किती व पाणी किती, हे एकदा वहीत टिपून घेतले म्हणजे काम भागते. दुसरे मात्र हातास वळण लागल्यावाचून येत नाही. कलम बांधणे, द्राक्षवेलीची छाटणी करणे, गाईची धार काढणे, ही या दुसऱ्या प्रकारची कामे होत. पूर्वी ही विद्या बापाकडून मुलाकडे अथवा जाणत्या माळ्याकडून शिकाऊ गड्याकडे जात असे, आणि ती मिळवावयाची तर त्याच्याजवळ एक-दोन हंगाम काढावे लागत. कोकणातील हापूस आंब्याची कलमे हे अशाच विद्येचे फळ आहे. आंब्याच्या कलमाची ही कला पोर्तुगिजांच्या अमदानीत गोव्यात वाढीस लागली असे मानतात; तेथून ती किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकली ती पुस्तकांतून नव्हे, तर हातांतून.

आज परिस्थिती पालटली आहे. चित्रफीत, म्हणजे ज्यास सर्वत्र व्हिडिओ म्हणतात ती, घरोघरच्या मोबाईलवर विनामूल्य पाहावयास मिळते. २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यापासून शेतीतील असे एकही काम राहिले नसेल की ज्याची चित्रफीत कोणी ना कोणी काढून ठेवलेली नाही. ही सोय थोडी नव्हे. ज्या गावात कलम बांधणारा एकही जाणता माणूस उरलेला नाही, तेथील मुलासही आता कुशल हात जवळून पाहता येतात. परंतु या सोयीबरोबर एक गैरसमजही घरात शिरला आहे. तो असा की, पाहिले म्हणजे आले. या गैरसमजापायी दरवर्षी चांगली रोपे, चांगल्या काड्या आणि मुख्य म्हणजे चांगला हंगाम वाया जातो. चित्रफितीचा उपयोग शिक्षणासाठी नेमका कसा करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

पुण्याचा जुना अनुभव

नव्या साधनाने शेतीशिक्षण देण्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांत ग्रामीण रेडिओ श्रोता मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, तो संपल्यावर रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करीत, आणि ज्या शंका उरत त्या केंद्राकडे लिहून पाठवीत.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून करण्यात आली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्याशी मंडळाच्या गावांची तुलना केली असता मंडळाच्या गावांतील लोकांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे दिसून आले. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर काय केले यामुळे.

पुढे अर्धशतकानंतर कर्नाटकात हाच अनुभव चित्रफितीच्या बाबतीत आला. डिजिटल ग्रीन या उपक्रमात स्थानिक शेतकऱ्यांच्याच कामाच्या चित्रफिती काढून त्या गावातील लहान गटांस दाखविण्यात आल्या. त्या दाखविणारा मनुष्य मधेच चित्र थांबवी, प्रश्न विचारी, चर्चा घडवून आणी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ गावांतील १३ महिन्यांच्या कामाचा वृत्तांत आहे. नेहमीच्या विस्तार पद्धतीच्या मानाने काही सुधारित पद्धतींचा स्वीकार या गावांत सुमारे सातपट झाल्याचे त्यात नमूद आहे. येथेही यशाचे श्रेय एकट्या चित्रफितीस देता येणार नाही. चित्र थांबविणारा मनुष्य त्यात अर्ध्याचा भागीदार आहे. घरी एकट्याने पाहणाऱ्या शेतकऱ्यास हे थांबविण्याचे काम स्वतःच करावे लागते, आणि तेच बहुधा होत नाही.

पाहण्याने वाढतो तो आत्मविश्वास

एकच चित्रफीत वीस वेळा पाहिली तर हात तयार होईल काय? अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्दास व एड ओब्रायन या दोन संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्यावर बाण फेकण्यासारखी कौशल्ये काही लोकांस चित्रफितीवर एकदाच दाखविली, तर काहींस वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांस आपण आता हे सहज करू असे वाटू लागले. प्रत्यक्षात बाण हाती दिला तेव्हा त्यांची कामगिरी एकदा पाहणाऱ्यांहून सरस ठरली नाही. याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हवेत दांडके उडवून झेलण्याचा खेळ पाहिल्यावर ज्यांस ती दांडकी नुसती काही वेळ हातात धरावयास दिली, त्यांचा फाजील आत्मविश्वास पुष्कळच उतरला. वजन हातास कळले, आणि काम किती अवघड आहे याची जाणीव झाली.

शेतकऱ्यास यातून घेता येण्यासारखे एवढेच की, चित्रफीत पाहताना हत्यार हाताशी असावे. रात्री अंथरुणावर पडून पाहिलेल्या दहा चित्रफितींपेक्षा चाकू व डहाळी घेऊन पडवीत बसून पाहिलेली एक अधिक गुणकारी होय.

कोय कलमाचे काम

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. समजा, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका तरुणास वडिलांच्या बागेतील मेलेल्या झाडांच्या जागी नवी कलमे लावावयाची आहेत. घरी हापूसचे एक जुने, दरसाल भरवशाने धरणारे झाड आहे. ते आता फार दिवस टिकेल असे दिसत नाही, आणि त्याच झाडाचा वंश पुढे चालावा अशी घरच्यांची इच्छा आहे. कोय पेरून ते साधत नाही, कारण हापूसच्या कोयीपासून झालेले झाड आईच्या गुणाचे निपजेल याची खात्री नसते. तेव्हा कलम बांधणे ओघानेच आले. वडील पूर्वी भेट कलमे बांधीत. परंतु त्यांची नजर आता अधू झाली आहे. मुलास शिकवील असे शेजारी कोणी नाही. यास्तव तो कोय कलमाच्या चित्रफिती पाहू लागतो.

कोय कलमाचे स्वरूप थोडक्यात असे. मे-जून महिन्यांत ताजे बाठे गोळा करून लगेच गादीवाफ्यावर पेरतात. आंब्याचा बाठा फार दिवस ठेवल्यास त्याची उगवणशक्ती जाते. उगवून आलेला कोंब तांबूस व रसरशीत असतानाच, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या आत, रोप बाठ्यासकट अलगद उपटतात. बाठ्यापासून पाच ते आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटून खुंटाच्या मध्यावर चार-पाच सेंटिमीटर खोल उभी खाच घेतात. निवडलेल्या झाडाची तीन-चार महिने वयाची, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची व खुंटाच्याच जाडीची काडी घेऊन तिचे बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करतात. ही पाचर खाचेत बसवून पॉलिथिनच्या पट्टीने घट्ट बांधतात आणि रोप पिशवीत लावून सावलीत ठेवतात. कोकणात जून ते ऑगस्टमधील दमट हवा या कामास चांगली मानवते.

वर्णन दहा ओळींचे आहे. चित्रफीतही पाच-सात मिनिटांची असते. पण काळाची अडचण कोठे आहे ते पाहावे. कोंब कोवळा असण्याचा अवधी थोड्या दिवसांचा. त्या दिवसांत शिकावयास बसले तर शिकता शिकताच रोपे निबर होतात, आणि प्रश्न वर्षभर पुढे जातो. जुन्या झाडाकडे वर्षभराचा अवधी असेलच असे नाही. म्हणून शिकण्याचे दिवस हे बाठे पेरल्यापासून कोंब हाती येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे होत. वाफ्यावर पाणी घालीत वाट पाहण्याचे हे दिवस एरवी रिकामेच जातात.

कोणती चित्रफीत निवडावी

सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली चित्रफीत सर्वांत उपयोगाची असते असे नाही. प्रथम ती कोठली आहे हे पाहावे. उत्तर भारतात आंब्यासाठी व्हिनियर कलमाची पद्धत रूढ आहे. तिचा काप निराळा आणि तिला लागणारे खुंटही अधिक वयाचे. दोन पद्धतींच्या चित्रफिती एकापाठोपाठ पाहिल्या की शिकणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ होते. परप्रांतातील चित्रफितीत सांगितलेला महिना आपल्याकडे लागू पडत नाही, ही गोष्टही विसरता कामा नये. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र अथवा आपल्याच हवामानातील अनुभवी रोपवाटिकाधारक यांची चित्रफीत मिळाल्यास ती आधी घ्यावी.

दुसरी कसोटी अशी की, काम करणाऱ्याचे हात जवळून व सलग दिसले पाहिजेत. नेमका काप घेण्याच्या वेळी चित्र तुटून एकदम तयार पाचर दिसत असेल, तर जे शिकावयाचे तेच त्यात नाही. काम करणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेले चित्र उत्तम; समोरून घेतलेल्या चित्रात उजवे-डावे उलट भासते व नवशिक्याचा चाकू चुकीच्या बाजूस वळतो. तिसरी कसोटी फार थोड्या चित्रफिती उतरतात. बांधलेल्या कलमांचे महिन्याभराने काय झाले, शंभरातील किती जगली व न जगलेल्यांत दोष कोणता होता, हे जी दाखविते ती चित्रफीत प्रामाणिक समजावी. नुसती यशाची चित्रे दाखवून शेवटी औषधाची बाटली पुढे करणारी चित्रफीत जाहिरात असते. ती जाहिरात म्हणून खुशाल पाहावी, पाठ म्हणून पाहू नये.

निवड झाली म्हणजे एक, फार तर दोन चित्रफिती मोबाईलमध्ये उतरवून घ्याव्यात. बागेत रेंज नसते हे एक कारण. दुसरे व अधिक महत्त्वाचे असे की, एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते आणि तास निघून गेल्यावर हाती चाकू आलेलाच नसतो.

कशी पाहावी

पहिल्या खेपेस चित्रफीत न थांबविता पाहावी, म्हणजे कामाचा एकंदर आराखडा ध्यानात येतो. नंतर मोबाईल पालथा ठेवून कामाच्या पायऱ्या आपल्या शब्दांत वहीत लिहाव्यात. येथे बहुतेकांस आश्चर्य वाटते, कारण पाहताना सर्व समजलेले असूनही लिहिताना मधल्या दोन पायऱ्या आठवत नाहीत. जेथे लेखणी अडली तेथे आपले शिक्षण अडले आहे असे समजून तेवढाच भाग पुन्हा पाहावा. वारंवार वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने ज्ञान अधिक काळ टिकते, हे २००६ साली रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले आहे. पुन्हा वाचणाऱ्यांस पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र आठवण्याचा सराव केलेले पुढे होते. शेतकऱ्यास लागणारे ज्ञान पाच मिनिटांनी नव्हे, आठवड्यांनी लागते.

दुसऱ्या खेपेस गती निम्मी करावी. यूट्यूबवर तशी सोय आहे. एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे. एकदा फक्त चाकूच्या पात्याकडे. एकदा फक्त डाव्या हाताच्या अंगठ्याकडे. काडी कशी धरली आहे, अंगठा पात्याच्या वाटेतून बाजूस कसा राहतो, काप एका ओढीत होतो की तुकड्यातुकड्याने, या गोष्टी बोलणारा सहसा सांगत नाही. कारण त्यास त्या इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या सांगण्याजोग्या आहेत हेच त्याच्या ध्यानी येत नाही.

हाताची तालीम

तालीम खऱ्या रोपांवर करू नये. आंब्याच्या टाकाऊ कोवळ्या डहाळ्या, त्या नसल्यास पेरूच्या घ्याव्यात. आंब्याचा चीक काहींच्या कातडीस बाधतो, म्हणून हात मधून मधून धुवावेत. पहिल्या दिवशी कलम बांधूच नये; फक्त पाचर तासावी. पाचरीची दोन्ही अंगे सपाट असली पाहिजेत. कापलेली बाजू नखावर अथवा चाकूच्या सपाट पात्यावर ठेवून उजेडाकडे धरावी. मधून प्रकाश दिसला तर काप पोकळ आहे. कलम जुळते ते साल व काष्ठ यांमधील वाढीच्या पातळ थरांचा एकमेकांशी संबंध आल्यामुळे. पोकळ कापात हा संबंध येत नाही, मग पट्टी कितीही घट्ट बांधली तरी काडी सुकते. काप पोकळ होण्याचे कारण दहांतील नऊ वेळा बोथट चाकू हे असते. तेव्हा चाकूस धार लावणे हा खरे पाहता पहिला धडा होय, आणि तो बहुतेक चित्रफितींत नसतोच.

पाचर साधली म्हणजे खाच घेण्याचा व नंतर पट्टी बांधण्याचा सराव करावा. तिन्ही गोष्टी निरनिराळ्या साधल्यावरच त्या एकत्र जोडाव्यात. रोज अर्धा तास, दहा-बारा जोडण्या, एवढे पुरे. एकाच दिवशी शंभर काप घेऊन हात दुखवून घेण्यात अर्थ नाही. सराव संपल्यावर त्या दिवशीची शेवटची जोडणी सोडून, उभी चिरून आतून पाहावी. काडी खाचेच्या तळापर्यंत पोहोचली आहे काय, निदान एका बाजूची साल सालीस लागली आहे काय, हे डोळ्यांस दिसते. चित्रफीत हे सांगू शकत नाही, कारण ती आपले काम पाहू शकत नाही. तिच्यातील हीच मोठी उणीव आहे. ती भरून काढण्यास घरातील कोणाकडून आपल्या हातांचे चित्रण करून घ्यावे आणि ते मूळ चित्रफितीशेजारी लावून पाहावे. शक्य असल्यास तेच चित्रण व दोन-चार तयार जोडण्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञास किंवा जवळच्या रोपवाटिकेतील माळ्यास दाखवाव्यात. जाणत्या माणसाची दोन मिनिटांची दुरुस्ती दोन तासांच्या पाहण्याची भर करते. वरील उदाहरणातील तरुणाने या बाबतीत वडिलांसही विसरू नये. त्यांची नजर अधू असली तरी बांधलेली पट्टी बोटांनी चाचपून ती सैल आहे की घट्ट, हे ते सांगू शकतात.

चित्रात न मावणारे दिवस

पाच मिनिटांत होणारे काम चित्रफितीत दिसते; दहा दिवस लागणारे दिसत नाही. कोय कलमात अशी एक महत्त्वाची पायरी आहे. निवडलेल्या काडीची पाने कलम बांधण्याच्या सुमारे आठ-दहा दिवस आधी, देठ ठेवून, झाडावरच छाटावयाची असतात. त्यामुळे देठ गळतात व शेंड्याचा डोळा फुगतो, परंतु फुटत नाही. अशी फुगलेली काडी लवकर जीव धरते. चित्रफितीत कारागीर तयार काडी हातात घेऊनच बसलेला असतो. ती तशी कशी झाली याचा उल्लेख एखाद्या वाक्यात येतो, अथवा येतच नाही; आणि नवशिका त्याच सकाळी झाडावरून पानांसह काडी तोडून आणतो. म्हणून कोणतेही काम चित्रफितीवरून शिकताना मनास विचारावे की, या चित्राच्या आदल्या आठवड्यात काय झाले असेल आणि पुढल्या महिन्यात काय करावे लागेल? उत्तर न मिळाल्यास ते पुस्तिकेतून अथवा तज्ज्ञाकडून मिळवावे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावरही मराठीतून विचारणा करता येते.

एका बाबतीत मात्र चित्रफितीवर मुळीच विसंबू नये. ती म्हणजे कीटकनाशकांची निवड, मात्रा व मिश्रण. काप चुकला तर एक रोप जाते. येथे चुकल्यास माणूस जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, ही घटना अद्याप विस्मरणात गेलेली नाही. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याच्या युक्त्या चित्रफितींत सर्रास सांगितल्या जातात. सांगणाऱ्यावर त्याची कोणतीच जबाबदारी नसते. मात्रा डब्यावरील लेबलातून व कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतूनच घ्यावी. फवारणीचा पंप कसा धुवावा, नोझल कसे साफ करावे, एवढ्यापुरती चित्रफीत पाहण्यास हरकत नाही.

कलम बांधण्याचा दिवस

कोंब तांबूस दिसू लागले की काम सुरू करावे, पण सर्व रोपे पहिल्याच दिवशी घेऊ नयेत. शंभर रोपे असल्यास पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी पंधरा, असे वाढवीत जावे. जुन्या झाडाच्या काड्या मोजक्याच असतात. त्यांपैकी सर्वांत चांगल्या हात बसल्यानंतरसाठी झाडावरच राखून ठेवाव्यात. प्रत्येक पिशवीस तारखेची चिठ्ठी लावावी व वहीत त्या दिवशीची हवा, काड्यांची स्थिती आणि काही नवीन केले असल्यास ते टिपावे. दोन-तीन आठवड्यांनी डोळे फुटू लागतात. त्या वेळी तारखेवार किती फुटले याची मोजणी करावी. पहिल्या दिवसाच्या दहांपैकी तीन-चारच फुटले तरी निराश होण्याचे कारण नाही. शेवटच्या दिवसाच्या कलमांत ते प्रमाण किती वाढले हे पाहावे. न फुटलेली कलमे फेकून न देता सोडून पाहावीत. काडी काळी पडली असेल तर पाणी आत शिरले आहे, म्हणजे पट्टी सैल होती. काडी नुसती वाळली असेल तर काप जुळला नव्हता, किंवा काडी तयार नव्हती.

फुटलेल्या कलमांवर पुढील दोन महिने लक्ष ठेवावे लागते. जोडाच्या खाली खुंटास येणारे फुटवे दिसताच खुडून टाकावेत. नवशिका हिरवे पान दिसले म्हणून आनंदतो. ते पान जोडाच्या वरचे आहे की खालचे, हे आधी पाहावे. जोड पक्का होऊन वरची वाढ निबर झाल्यावर पट्टी ब्लेडने उभी चिरून काढावी. ती तशीच राहिल्यास खोडात रुतते व जोडापाशी गळा आवळल्यासारखा होतो. सशक्त कलमे पुढील पावसाळ्याच्या आरंभी कायमच्या जागी लावावीत. जुने झाड तोवर उभे असल्यास त्याच्यावर पुढील हंगामासाठी कोवळी फूट राखण्याच्या दृष्टीने आताच काही फांद्या हेरून ठेवाव्यात.